मासे बसवायचे राहिले

नाचणेकरांनी फोटो उलटसुलट करून विचारलं,
"जळण्याआधीचा करायचा, की नंतरचा?"
कंपनीचा माणूस गोंधळला.
कुरोसेचा किल्ला म्हणजे किल्ला,
वरळीच्या हॉलमध्ये मांडायचा, एकास शंभर, दिवाळीच्या आत.

पण कागदांत दोन किल्ले होते.
एक सरदाराचा, देवदाराचा, पाच मजली,
एकदा वीज पडून आणि एकदा बॉम्ब पडून गेलेला.
दुसरा गावाने वर्गणी काढून उभा केलेला,
सिमेंटचा, पोटात लिफ्ट,
जिन्याशी लाल बादल्या, बूट ठेवायला फळ्या.
दोघांत सामाईक फक्त दगडी जोतं :
चढणाऱ्याला आधी हात देणारं,
वर गेल्यावर हात सोडणारं.

"पहिलाच करू."
घोडपदेवच्या गाळ्यात दोन महिने देवदाराचा वास.
मी कौलं कापली, अकराशे चाळीस, नखाएवढी.
भिंतींत भोकं पाडली : गोल बंदुकीला, उभी बाणाला.
दगड टाकायच्या फटी विसरले, तर म्हणाले,
"म्हणजे शत्रू वर येणार. जबाबदार कोण, वासंती?"

आढ्याच्या टोकांना दोन मासे तेवढे राहिले होते.
तोंड वाघाचं, शेपटी आभाळात.
आग लागली की ते पाणी ओकतात, असं तिकडे मानतात.
आमचे पितळेचे, भुलेश्वरला पॉलिशला गेलेले.

त्याच शनिवारी रात्री शॉर्ट सर्किट.

सकाळी बंबाचं पाणी घोट्यापर्यंत,
त्यावर तरंगणारी काळी कौलं.
नाचणेकर दारात, विडी तोंडात, न पेटवलेली.
"बघ," म्हणाले, "आता इतिहास पूर्ण झाला."

विमेवाल्याने लाकूड नको म्हटलं.
मग फोमशीट, वर राखाडी रंग,
आणि आत, कुणालाच दिसणार नाही अशा जागी
काडेपेटीएवढी लिफ्ट, दोऱ्याने खरीच वरखाली होणारी.
"दिसत नाही तर कशाला?"
"खोटं कशाला बोलायचं?"

जोत्याला मात्र फोम लावू देईनात.
बाहेर पालिका फूटपाथ उखडत होती,
जुना काळा दगड काढून पेव्हर ब्लॉक.
मुकादमाला चहा पाजला, घमेलंभर दगड आणला,
अकरा दिवस छिन्नीने वाटाण्याएवढा फोडला.
चुना नाही, गोंद नाही. एकाच्या खांद्यावर दुसरा.

उद्घाटनाला एक म्हातारी आली, कुरोसेचीच.
तिच्या वडिलांनी वर्गणीत एक कौल दिलं होतं म्हणे.
कौलांकडे तिने बघितलंही नाही.
वाकून जोत्यावर बोट ठेवलं
आणि दुभाष्यामार्फत विचारलं, दगड कुठला?
"घोडपदेव," नाचणेकर म्हणाले.
दुभाषी थांबला. मग नुसतंच "घोडपदेव" म्हणाला.
बाईंनी मान हलवली, जणू जाऊन आल्या असाव्यात.

मासे या वेळी सगळ्यांत आधी आणले होते,
भिंतही नव्हती तेव्हा.
आणि एक जास्तीचा ओतून घेतला होता.
दोन गेले किल्ल्याबरोबर.
तिसरा अजून आमच्या मीटरच्या पेटीवर आहे,
शेपटी वर,
तोंड फ्यूजकडे.