चार सेकंद

वजनकाट्यावर दोघं सारखेच भरले.
साडेत्रेसष्ट किलो.
ओडार्टे पहाटे, उपाशी, चड्डीवर;
आयिक्वे सोवा त्याच्यानंतर, टॉवेलाआड.
"काटा वर्षंही तोलतो का हो, नूमो?"
ओडार्टेच्या आईनं, नाआ कोर्कोईनं विचारलं,
हाताला केंकीचं पीठ तसंच.
मी म्हटलं, बाई, मी फक्त वेळ बघतो.

एकतीस वर्षं बुकोमच्या या पत्र्याखाली
मी घंटेजवळ बसतो.
लाकडी हातोडी, आणि एक स्टॉपवॉच,
खाऱ्या वाऱ्यानं जिची काच आंधळी होत आली.
तीन मिनिटं. एक मिनिट. तीन मिनिटं.
माझा धर्म एवढाच.

दारावरच्या कागदावर लिहिलेलं: हौशी.
हौस?
बुकोममध्ये हौसेनं कुणी नाक फोडून घेत नाही.
पोरगा बंदरावर बर्फाच्या लाद्या वाहतो,
संध्याकाळी त्याच खांद्यांनी बॅग झोडपतो.
हौस म्हणजे काय ते त्याला विचारा,
पाठीवरून ओघळलेलं पाणी दाखवेल.

आणि आयिक्वे!
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात,
याची उघडून, विकून,
मँचेस्टरच्या थंडीत आणि दोन लग्नांत
खर्चूनही झाली.
एक्केचाळीस लढती. शेवटच्या कितीतरी बारा-बारा फेऱ्यांच्या.
"देशाचा बनियन एकदाही अंगावर चढला नाही, नूमो.
आयुष्यभर कुणाची तरी जाहिरात घालून लढलो."
नियम आता येऊ देतात त्याला.
अर्धी गल्ली म्हणाली, शेळ्यांत लांडगा सोडलात.
अर्धी म्हणाली, मग तिकडे ऑलिंपिकमध्ये
पुढ्यात काय शेळ्या येणार आहेत?

पहिली फेरी पोराची.
पाय असे, जणू खालची जमीन तापलीय.
आयिक्वे त्याला नुसता वाचत होता,
जुना कारकून अर्ज वाचतो तसा,
ओळीवर बोट ठेवून.
दुसऱ्या फेरीत त्यानं सही केली.
बरगडीखाली, डाव्या हाताची, छोटीशी.
ओडार्टेचे गुडघे एकमेकांना काहीतरी विचारू लागले.
डोक्याला टोप नाही. पाठीला दोर.
घड्याळात अजून चार सेकंद होते
आणि आयिक्वेचा उजवा निघाला होता.

मी घंटा वाजवली.

कुणाला कळलं नाही.
पंचाला नाही, टेबलावरच्या पाचांना नाही.
आईनं तर डोळेच मिटून घेतले होते.
आयिक्वेचा हात हवेत थांबला,
आणि पोराच्या खांद्यावरून त्यानं माझ्याकडे बघितलं.
ज्याच्या हाडांत इतक्या फेऱ्या मुरल्या
त्याला घड्याळ लागत नाही.
बोलला नाही. कोपऱ्यात जाऊन पाणी थुंकला.

तिसऱ्या फेरीचं काय सांगू,
पोरगा उभा राहिला.
निकाल तीन-दोन. आयिक्वे.

खुर्च्या उचलून झाल्यावर तो आला,
दातांनी पट्टीची गाठ सोडवत.
"चार होते."
"हो."
"मी एकोणीसचा होतो. परक्या गावात, सहावी फेरी.
हा डोळा गेला ना, त्या रात्री
घंटेजवळ कोण बसलं होतं, कुणास ठाऊक."
राग होता की आणखी काही,
मला अजून ठरवता येत नाही.
माझी हातोडी उचलली, तळव्यावर तोलली,
आणि परत ठेवली, नीट,
दांडा माझ्या बाजूला करून.

पुढच्या महिन्यात तो जाईल, बनियन घालून.
जावं की नाही, मला विचारू नका.
एकतीस वर्षांत एकदाच मी वेळ चोरली,
आणि चोरली ती हरणाऱ्यासाठी,
म्हणजे चोरीसुद्धा धड जमली नाही.

ओडार्टे बर्फ वाहतोय.
नाआ कोर्कोई त्या दिवसापासून
माझ्याकडून केंकीचे पैसे घेत नाही.
कारण विचारलं तर पान गुंडाळत राहते.

डोळे मिटले होते तिनं, हे मी पाहिलंय.
कान उघडे होते.