तिसरी पिन

डबा अंगणात उभा आहे, होळीपासून.
आधी शाळेची बस होती, पिवळी. लिलावात घेतली तेव्हा
सीटखाली एक कंपास निघाला आणि मूठभर चिंचोके.
आता आत पलंग, ओटा, गुडघ्याएवढा फ्रीज,
खिडक्यांना पंचफुलानं शिवलेले पडदे.
गावात तिला कोणी घर म्हणत नाही, कोणी गाडीही म्हणत नाही.
लाइनमनचा डबा.

दोनदा गेलो. एकदा लोणारला,
एकदा पार समुद्रापर्यंत.
पंचफुला पाण्यात पोटरीभर उभी राहिली
आणि म्हणाली, हे तं संपतच नाही.
परत आलो की निंबाखाली लावतो,
चाकांना दगड, टायरवर गोणपाट,
आणि ओसरीतून एक केबल, थेट डब्यात.

बॅटरी उपाशी ठेवली तर मरते.
रात्रंदिवस चारत राहिलं तरी मरते.
झाकणं उघडून बघावं लागतं,
प्लेटा बुडतील इतकं पाणी, बाटलीतलं, नळाचं नाही.
केबल पूर्ण उलगडून ठेवायची.
एकदा वेटोळं तसंच राहिलं, वर हात ठेवला,
खुडूक कोंबडीच्या पोटासारखं ऊन ऊन लागलं.
तेव्हापासून अंगणभर सरळ पसरतो. लोक ओलांडून जातात.

मे महिन्यात, सकाळी, सडा टाकून
ओल्या पायांनी तिनं डब्याची कडी धरली.
"अहो, डबा चावते मले."
मी म्हटलं, काही नाही, मनाचा खेळ.
चौतीस वर्षं खांबावर काढलेला माणूस मी.
"मन नाही चावत. डबाच चावते."

मग चप्पल काढून गेलो,
पत्र्याला हात लावला. पालथा.
सुलटा लावला तर मूठ आवळते, मग सुटत नाही.
हे गुणवंत ठोंबरेला कोणीतरी सांगायला हवं होतं.
मीच त्याच्यासोबत होतो ना.

बोटांच्या मागून मुंग्या निघाल्या.

मेन बंद केला. चार्जर पाहिला, जोड पाहिले,
उंदरानं कुठं कुरतडलं का पाहिलं.
शेवटी ओसरीत प्लग उपसला,
तर तिसरी पिन नाहीच.
सॉकेट दोन भोकांचं, म्हणून पुतण्यानं पकडीनं तोडलेली.
"दोनावर चालते ना, काका."
चालते, अंकुश. सगळंच चालते.

तिला काही काम नसतं, तिसरीला.
पंखा तिच्यावर फिरत नाही, दिवा तिच्यावर लागत नाही.
पण मुद्दाम लांब केलेली असते बाकी दोघींपेक्षा.
प्लग लावताना ती आधी आत जाते,
काढताना शेवटी निघते.
वर्षानुवर्षं हे पोरांना शिकवलं मी, फळ्यावर चित्र काढून,
आणि माझ्याच ओसरीत वाकून पाहिलं नाही.

नवा प्लग आणला, सोळा अँपियरचा, सॉकेटही.
ट्रिप होणारा स्विच बसवला. बाजाराच्या दिवशी
पिशवी घेऊन निघण्याआधी त्याचं बटण दाबतो.
खट्. पडला की बरं वाटतं.
विहिरीच्या बाजूला खड्डा खणला, सळई उभी केली,
कोळसा, खडं मीठ, पुन्हा कोळसा.
काळी माती उन्हात भेगाळते, कोरडी माती काही ओढून घेत नाही,
म्हणून रोज संध्याकाळी दोन बादल्या त्या खड्ड्यात.
झिबलराव कुंपणावरून विचारतो,
"काय लाइनमन, करंट पेरला काय?"

आभाळ गुरगुरलं की मात्र केबल काढून टाकतो,
फ्रीजमधलं ताक बिघडलं तर बिघडलं.
घरात ठेवतो गुंडाळून, दोरासारखी.

दिवाळीनंतर निघायचं म्हणते ती.
न संपणारं पाणी पुन्हा बघायचं आहे.
परवा सडा टाकून आली, पाय ओले,
आणि कडीला अख्खा तळवा लावला,
माझ्याकडे न बघता.
आत गेली. पडदे झटकत बसली.

मी अजून पालथाच लावतो.