परतीचं अर्धं

हुणशीकोप.
पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली आहे,
पण शेवटचा आकडा पोपडा होऊन उडाला.
त्यामुळे आम्ही किती उंचावर आहोत
हे दशकापर्यंतच ठाऊक.

अडीच फुटांची लाईन.
एके काळी हिच्यावरनं डोंगरातलं मँगनीज उतरायचं,
आता रविवारी माणसं उतरतात, फोटो काढायला.
हुबळीहून रंगवून आणलेलं इंजिन
अकरा मैल जातं, वळसा घेतं,
अकरा मैल परत येतं.

मी तिकिटं देतो. पुठ्ठ्याची, जुन्या मापाची.
तारखेचा ठसा दाबला की खट् वाजतं
आणि लोक म्हणतात, पुन्हा एकदा दाबा ना,
व्हिडिओ राहिला.
मी पुन्हा दाबतो. तारीख तीच उठते.

तिकिटाच्या मधोमध टोचे मारलेले:
जाण्याचं अर्धं, परतीचं अर्धं.
रजिस्टरात रकाने दोन. गेले. आले.
सात वर्षं दोन्हींत एकच आकडा.
छप्पन, छप्पन. एकेचाळीस, एकेचाळीस.
एकदा क्रिकेटची फायनल होती तेव्हा
तीन, तीन.

भरमाण्णा कुगजी फाटक सांभाळतो, घंटाही तोच देतो:
टांगलेला रुळाचा तुकडा आणि एक बोल्ट.
पोराला कन्नडात दटावतो, म्हशीला मराठीत,
हिरवा बावटा धरला की मात्र गप्प.

मग एका रविवारी निंगव्वा आली.
डोक्यावर रताळ्यांचं पोतं,
अंगावर घडीचं इरकल, चपला हातात.
“जांबळहोळ, एक.”
तिथं गाडी थांबत नाही, आज्जी.
“न थांबंना. वळणावर हळू होती की.”
नुसतं जाण्याचं मिळत नाही. येऊन-जाऊन सव्वाशे.
“यायचं कुणाला हाय?
लेकीकडं जायला तीन बशी बदलायच्या,
आणि पोत्याला येगळं तिकीट.”
घासाघीस तिनं मराठीत केली,
पैसे कन्नडात मोजले,
हत्तु, इप्पत्तु, मूवत्तु,
कनवटीच्या ऊबेतल्या नोटा, शेवटी पाचाचं नाणं.
तिकीट हातात पडताच टोच्यांवरनं टर्रकन फाडलं,
एक तुकडा खिडकीत सरकवला.
“ह्ये ठेव तू. कुणाला तरी लागंल.”

ती टोप्या घातलेल्या लोकांत जाऊन बसली.
एका मुलीनं तिला विचारलं, हे बटाटे का?
पुढचं मला दिसलं नाही, गाडी हलली.

गार्ड मिनेझिसनं नंतर सगळं सांगितलं,
म्हणजे काहीच सांगितलं नाही:
“वळणावर मी घड्याळाला किल्ली देत होतो.”
भरमाण्णा म्हणाला, इंजिनानं आज तिथं
जास्तीचा दम खाल्ला,
इथपर्यंत ऐकू आलं.

संध्याकाळी मी उतरलेली माणसं मोजली,
मग परत मोजली.
गेले: अडतीस.
आले: सदतीस.
पेन बराच वेळ उघडंच राहिलं.
शेऱ्याच्या रकान्यात आजवर कधी काही लिहिलं नव्हतं,
तिथं बारीक अक्षरात लिहिलं, पोचली.

मार्चमध्ये तपासणीस आले.
त्या शब्दावर बोट ठेवून म्हणाले, इदु एनु?
मी काही बोलायच्या आत
भरमाण्णा दारातनंच म्हणाला, मुट्टिदळु.
साहेबांनी चष्मा काढला, पुसला,
सही केली,
आणि चहात साखर जास्त आहे म्हणाले.

परतीचं अर्धं माझ्या ड्रॉवरमध्ये आहे,
टाचण्यांच्या डबीखाली.
कधीतरी काढून बघतो.
फाडताना तारखेचा सगळा ठसा
तिच्याकडच्या तुकड्यावर गेला,
याच्यावर नंबर तेवढा राहिलाय.
म्हणजे नियमानं बघायला गेलं तर
हे कुठल्याही दिवशी चालेल.