पथारीवर, शेवटच्या भागाआधी

नंदुरबारला माघात पथारीवर उभं राहिलं
की नजर जाईल तिथवर मिरची.
पाहुणा येतो, फोटो काढतो,
दुसऱ्या मिनिटाला शिंकतो, निघतो.
आम्ही राहतो.
मी काट्यापाशी, वही घेऊन,
आणि त्या चाळीस जणी ढिगांपाशी देठ खुडत,
तोंडावर पदर, बोटांना एरंडेल,
आणि गेले नऊ आठवडे एकच विषय:
बँकेच्या मॅनेजरला कोणी मारलं.

आज रात्री नऊला शेवटचा भाग.

शकीलाआपा म्हणतात, डॉक्टरनं.
"डॉक्टर कसाले मारी?" जमना वळवी देठ मोडता मोडता विचारते,
"त्यानं बिल बाकी शे. उधारीवाला माणूसले कोन्ही मारस का?"
मुद्दा बिनतोड.
अर्धा ढीग होईपर्यंत डॉक्टर निर्दोष.

मग छत्री. मे महिना, टिपूस नाही,
आणि दाराशी ओली छत्री टेकवलेली.
मग किल्ली. दोनच केल्या, कुलूपवाला लेकराची शपथ घेतो,
तर तिसरी आली कुठून?
मग दूध. मॅनेजरचं तेरावं झालं,
तरी दर एक तारखेला दुधाचं बिल भरतंय कोण,
तेही सुटे पैसे मोजून?
आणि फोनवरची ती बाई,
बोलत नाही, नुसती खोकते.

"आपलामधलीच व्हई कोन्ही," तुळसा म्हणाली
आणि सगळी पथारी हसता हसता खोकली,
खोकता खोकता हसली,
पाच मिनिटं एक देठ मोडला नाही.
मी वहीतून मान वर केली नाही.
ठसका मलाही लागला होता.

रंजनानं प्रत्येक भाग दोनदा पाहिलाय,
एकदा आवाज बंद करून.
ती म्हणते, तोंडं ऐकू नका, हात बघा.
वॉचमन चहा उजव्या हातानं घेतो,
चौथ्या भागात कुलूप लावतो डाव्यानं.
या बायका हातच बघतात आयुष्यभर.
लांबून सांगतील कोणाचा ढीग ओला,
कोणी पोत्याच्या तळाला माती सोडली,
आणि माझा काटा किती ग्रॅम खातो, तेही.

म्हणून मला झेलाबाईचं कळत नाही.

झेलाबाई सत्तरीच्या पुढची. एका डोळ्यात मोतीबिंदू,
दुसऱ्याचा भरवसा नाही, अंगठा सुजलेला.
दुपारनंतर एकच मिरची हातात धरून बसते
आणि ती मोडायची विसरते.
मोजून बारा किलो. फार तर तेरा.
तिचं पोतं काट्यावर चढतं: बावीस.
काल बावीस. परवा साडेबावीस.
मंगळवारी ती दवाखान्यात होती जेवणाच्या सुट्टीपर्यंत,
तरी एकवीस.

एकदा मी विचारलं. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.
चाळीस तोंडं पदरात गेली.
रंजना, जी आवाज बंद करून बघते, तीच म्हणाली,
"माले काय दिसस, भाऊ? मिरची गई डोयामा."
तुळसा खोकली.
नुसती.

पाच वाजत आलेत. पोती शिवणं चाललंय.
ज्यांचा रिचार्ज संपलाय त्या आपांच्या ओट्यावर बसणार,
डब्याला फोन टेकवून.
उद्या सगळ्यांचं बघून झाल्याशिवाय
कोणी तोंड उघडायचं नाही, असं ठरलंय.
जमनानं सहज विचारलं,
"झेलामाय, तुले काय वाटस?"

झेलाबाईला मालिका दिसत नाही. तिनं ऐकलीय फक्त,
नातीच्या मांडीशेजारी पडून.
हातातली मिरची तिनं आता कुठे मोडली.
"मरेल नहीं शे तो," म्हणाली,
"दूधनं बिल तोच भरस. उधारी ठेवानी सवय नहीं त्याले."

सुया थांबल्या.
नऊ आठवडे, चाळीस डोकी,
हे कोणाला सुचलं नव्हतं.

मग तिचं पोतं आलं. बावीस.
मी लिहिलं बावीस.

आपा अजून डॉक्टरवरच अडून आहेत.