वसुलीचा सीन

आमच्या बावधनच्या घरात सिनेमा झाला.
अकरा दिवस. दिवसाला साडेतीन हजार,
चहा त्यांचा, लाईटबिल आमचं.

गोष्ट अशी, की एक कुटुंब
घर वाचवायला नाही नाही ते उद्योग करतं.
आजोबा मेल्याचं सोंग घेतात,
म्हशीच्या अंगात येतं,
जप्तीवाल्याला पाटावर बसवून
पुरणपोळ्यांनी जेरीला आणतात.
टोपीवाला दिग्दर्शक सांगता सांगता स्वतःच हसला.
आबा हसले नाहीत.
आबांनी भिंतीवरचं कॅलेंडर बोटभर डावीकडे सरकवलं,
कारण त्याच्यामागे पतसंस्थेची नोटीस होती.

कर्ज दादाच्या डीजेचं.
चार स्पीकर, माणसाहून उंच.
दोन सीझन वाजले, मग आवाजावर बंदी आली.
आता एका खोक्यात खुडूक कोंबडी बसते
आणि दादा म्हणतो, बेस अजून एक नंबर आहे.

घर त्यांना फार आवडलं.
फक्त जरा अजून गरीब पाहिजे, म्हणाले.
आईनं दिवाळीत दिलेला रंग
दोन पोरांनी पॉलिश पेपरनं खरवडला
आणि ओलीचे डाग काढले, ब्रशनं,
एकेक डाग नकाशासारखा.
आई उंबऱ्यात उभी राहून बघत होती.
"खरी ओल मागच्या खोलीत हाय," ती म्हणाली,
"फुकट."

सातव्या दिवशी ननावरे साहेब आले.
जुन्या स्कूटरवरून, काखेत फाईल.
ते चपला काढतायत तोवर
कुणीतरी त्यांच्या नाकाला पावडर लावली,
कुणीतरी म्हणालं, अरे काय चेहरा आहे, कुठून आणला?
साहेबांना वाटलं, ही सरबराई आमची.
ते सुरू झाले:
मुद्दल इतकं, व्याज तितकं, दंडव्याज वेगळं,
मुदतीत न भरल्यास सदर मिळकतीचा
"कट! सर, थोडं अजून निर्दय."

पुन्हा.
"कट! छान. आता आजोबांच्या डोळ्यांत बघून."
आजोबा म्हणजे सिनेमातले, चिकटवलेल्या मिशीचे.
साहेब त्यांच्या डोळ्यांत बघून ते बोलले,
जे आबांशी दोन वर्षं
फरशीकडे बघून बोलत आले होते.
आजोबांच्या डोळ्यांतून टचकन पाणी आलं,
त्यांचा धंदाच तो,
पण साहेबांची जीभ "लिलाव"वर अडकली
ती अडकलीच.
"ओके!"
टाळ्या पडल्या. आबांनीही वाजवल्या,
मला वाटतं सगळ्यात जास्त त्यांनीच.

साहेबांना पाकीट मिळालं. नऊशे रुपये.
त्यांनी ते मागून पुढून पाहिलं,
दाराआड गेले, फाईल उघडली
आणि आमच्या खात्यावर पावती फाडली.
नऊशे. व्याजात जमा.
"हे कुणाला सांगू नका," म्हणाले,
आणि नाकावरची पावडर तशीच घेऊन निघून गेले.

सिनेमा बघायला आम्ही टेम्पोनं साताऱ्याला गेलो.
सिनेमातलं घर वाचलं.
दोन तास चार मिनिटं लागली, गाणी धरून.
लोक पोट धरून हसत होते,
आम्ही आपलं आमचं घर बघत होतो:
ती खुंटी, तो कोनाडा, ते बघ माझं दप्तर.
डावीकडे सरकलेलं कॅलेंडर
दोनदा दिसलं.
साहेबांचा सीन वीस सेकंदांचा.
पुढच्या रांगेत एक बारकी पोरगी
खुर्चीवर उभी राहून ओरडली, "पप्पा!"
आणि पप्पांनी तिला ओढून खाली बसवलं.
मध्यंतरात ते आमच्याकडं न बघता
आबांशेजारी उभे राहिले, वडा खात.
"मंगळवारी या. हप्ते पाडून बघतो.
वर विचारावं लागंल."

वर विचारलं. पडले.
अजून एकोणतीस राहिलेत.

त्या पोरांनी काढलेली ओल मात्र जाता जात नाही.
आई दर दिवाळीला चुना देते,
संक्रांतीपर्यंत ती परत वर येते.
पाहुणे विचारतात, भिंतीला पाणी मुरतंय का हो?
आई सांगते,
"नाही, ती ॲक्टिंग करते."