बुजरी

बाबा म्हणायचे, बुजरं म्हणजे भित्रं नव्हे.
भित्रं पळतं.
बुजरं थांबतं, कान टवकारतं,
जसा आमचा तांबडा, नंदगडच्या फाट्यावर
पाटी नव्यानं रंगवली त्या दिवशी
गाडीसकट आडवा झाला.
त्याला कुठली अक्षरं कळतात?
ओल्या रंगाचा वास तेवढा नवा होता.

खानापूरच्या कचेरीत माझं तसंच.
खिडकीतल्यानं कन्नडमधून नाव विचारलं.
उत्तर येत होतं, दोन्ही भाषांत,
जीभच आडवी झाली.
मागून बसव्वा म्हणाली, "अंजब्याड, तंगी,"
भिऊ नको, धाकटे,
आणि पाठीवर हात ठेवला, मिरचीचा वास असलेला.

भीत नव्हते गं मी.
तुमच्यात बुजण्याला काय म्हणतात,
तिला विचारणार होते.

तेही राहिलं.
बुजले.