अभिप्रायाचं कार्ड

बोट मुंबईला लागली तेव्हा
सगळ्यांनी आपापली कार्डं भरून पेटीत टाकली.
आप्पांचं कार्ड मात्र
सदऱ्याच्या खिशातून कोरंच
बामणोदला आलं.

प्रश्न पाच. प्रत्येकापुढे पाच चांदण्या.
चव कशी वाटली? पदार्थांचं वैविध्य? मांडणी?
सुपडू फिरके आचारी,
चाळीस वर्षं ज्यांनी हळदीची जेवणं उठवली,
कढईवर नुसता तळवा धरून
तेल बोललं की नाही ते सांगतात जे,
त्यांना म्हणे चांदण्या रंगवा.

पहिल्या रात्री, अकराव्या मजल्यावर,
त्यांनी सूप चमच्यात धरलं, डोळे मिटले.
'मीठ बरोबर आहे.'
बस्स.
मी पाच जणांच्या तिकिटांना
मनातल्या मनात मिठानं भागून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी टरबुजाचा हंस बघितला.
त्याच्या मानेवरून सुरी कशी वळली असेल
ते हवेत बोटानं दोनदा गिरवलं.
खाल्लं नाही.

तिसऱ्या रात्री काट्यानं बटाटा ढकलत म्हणाले,
इथं कोणी म्हणत कसं नही रे भो?
काय?
'घ्या अजून.'

खरंच की.
काचेबाहेर काळं पाणी,
आत माणसं ताटल्या घेऊन हिंडत होती
काहीतरी हरवल्यासारखी.
केकपाशी रांग, पनीरपाशी रांग,
आणि कोणाच्याच ताटावर
कोणाचाच हात नाही.

आप्पा उठले. पावाची टोपली उचलली.
शेजारच्या टेबलावर कुठल्याशा गावचं सिंधी कुटुंब,
त्यांच्या पुढ्यात वाकून,
घ्या, एक तरी. माझ्या हातचा.
मी फोनमध्ये डोकं घातलं.
आई लोण्याची वाटी घेऊन
त्यांच्या मागोमाग निघालेली.

चौथ्या टेबलाशी वाढप्या पोरगा धावत आला,
काळा कोट, छातीवर नावाची पट्टी.
आता टोपली काढून घेतो, मला वाटलं.
त्यानं टोपलीखाली नुसता हात दिला.
जड होती तशी.
एक म्हातारी 'नको नको' म्हणत
दोन पाव घेऊन बसली.
दोघं तसेच गेले, पार खिडकीपर्यंत.

आता मळ्यात कपाशीच्या काड्या पेटल्यात.
हिरवी वांगी फुटून चर्र वाजतात,
बडगीत मिरच्या वाट बघतात.
बांधावरून भारंबेंचा रघुनाथ विचारतो,
कसं होतं भो बोटीवरचं जेवण?
आप्पा वांगं उलटं करतात.
'मीठ बरोबर होतं.'

जाळ बसतोय म्हणून
खिशातून कार्ड काढून वारा घालतात.
चांगलं जाड आहे, वाकत नाही.
पंचवीस चांदण्यांवर राख.

मग वांग्याची साल सोलता सोलता,
माझ्याकडे न बघता,
त्या पोराचं नाव काय होतं रे?

पट्टी होती की. ठळक अक्षरांत.
मी वाचलीच नव्हती.